कापडी नॅपीचे लायनर आणि बूस्टर: पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगते, कारणं आणि शब्दांचे अर्थ मागून. रात्रीसाठी हेम्पचे (भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचे) दोन-तीन बूस्टर विकत घ्या, दिवसा सोलापुरी नॅपकिनची घडी चालवा, आणि बाळाचं उष्टावण होईपर्यंत लायनरवर फारसे पैसे घालू नका. आमचा मुलगा दोन महिन्यांचा असताना, ऐन पावसात, कापडी नॅपी सुरू केल्या. आता तो सोफ्याला धरून उभा राहतो आणि सांगलीचा उन्हाळा भाजून काढतोय. तिन्ही ऋतू बघून झाले.

आमच्याकडच्या नॅपी पॉकेटवाल्या आहेत. बाहेरून पाणी न झिरपणारं पीयूएलचं कापड, आतून फ्लीस, आणि मध्ये पॅड सरकवायला खिसा. सोबत मायक्रोफायबरचे पॅड आले होते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खरा फरक त्या खिशात तुम्ही काय घालता यानं पडतो.

बूस्टर म्हणजे शू साठवायला जादा घडी. लायनर म्हणजे कातडी आणि पॅड यांच्यामधला पातळ पडदा. गळतंय म्हणून लायनर बदलून उपयोग नाही, आणि लाली उठली म्हणून बूस्टर वाढवूनही नाही. दुकानात मात्र दोन्ही एकाच पाकिटात बांधून देतात.

नॅपी गळाली की आतला पॅड बाहेर काढून दाबून बघायचा. पॅड टोकापासून टोकापर्यंत ओलागच्च असेल तर बूस्टर कमी पडतोय. पॅड अर्धा कोरडा आणि झबलं मात्र मांडीपाशी ओलं, असं असेल तर बूस्टर घालून दुखणं वाढेल. तिथे एकतर मांडीची इलॅस्टिक सैल बसलीय, नाहीतर शू एकदम आली आणि कापडाला टिपायला वेळच मिळाला नाही. तिसरा प्रकार कडेवर घेतल्यावर किंवा झोळीत घातल्यावर कळतो. मायक्रोफायबर पाणी झटकन ओढतं, पण वजन पडलं की तितक्याच झटक्यात सोडतं. आम्ही मिरजेला पाहुण्यांकडे निघालो की पोचेपर्यंत माझा ड्रेस ओला, पाळण्यात असला की सगळं ठीक, त्याचं कारण हेच होतं.

म्हणून घड्यांचा क्रम महत्त्वाचा. चटकन टिपणारं वर, धरून ठेवणारं खाली. हेम्प टिपतं सावकाश, पण जाडी कमी असूनही भरपूर धरतं आणि दाबलं तरी लवकर सोडत नाही. ते एकटं वापरलं तर शू वरून वाहून जाते. मायक्रोफायबरच्या किंवा टर्किश कापडाच्या खाली घातलं की रात्र निघते. मुलगा असेल तर बूस्टरचं एक टोक पुढच्या बाजूला दुमडून जाडी पुढे आणायची, आणि नॅपी लावताना शूची धार खाली जाईल असं बघायचं. मुलीला जाडी मध्यावर लागते. एक ध्यानात ठेवा, मायक्रोफायबर उघडं कातडीला लागता कामा नये, ते कातडीतला ओलावाही ओढून घेतं. खिशात राहिलं तर काही हरकत नाही.

हेम्प नवं असताना पाणी चक्क घेतच नाही. धाग्यात नैसर्गिक तेल असतं, ते सहा-सात धुण्यांनी निघतं. तोवर ‘बूस्टर फालतू निघाला’ असा शेरा मारू नका. वाळल्यावर पापडासारखं ताठ होतं, हातांनी चोळून मऊ करायचं. बांबूचं म्हणाल तर मऊ आहे, धरतंही चांगलं, पण वेष्टनावर ‘जंतुनाशक’ वगैरे लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. ते बांबूच्या लगद्यापासून रसायनांनी काढलेलं व्हिस्कोस, म्हणजे रेयॉनचाच एक प्रकार असतं. बांबू म्हणून विकलं जाणारं कापड खरं तर रेयॉन आहे म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००९ साली काही कंपन्यांवर कारवाईही केली होती.

आता सोलापुरी नॅपकिन. हेम्पच्या एका बूस्टरच्या पैशात यांचा अख्खा जुडा येतो. सुती, दोन्ही बाजूंनी टॉवेलसारखे धाग्याचे फासे उठलेलं कापड, तीन घड्या घातल्या की बूस्टर तयार. पण मला ते आवडायचं मोठं कारण वाळण्याचं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत पाऊस कोकणासारखा कोसळत नाही, पण दिवसचे दिवस आभाळ उघडत नाही आणि कृष्णेकाठची हवा दमट. शिवलेला चार-पाच पदरी पॅड दोरीवर दोन-दोन दिवस ओलसर, मग त्याला कुबट वास. नॅपकिन उलगडून टाकला की एकच पदर असतो, पंख्याखाली रात्रीत वाळतो. शिवलेलाच घेणार असाल तर जीभ (एका टोकालाच शिवलेली पट्टी) बाहेर काढता येते असा, किंवा टिचबटणांनी दोन तुकडे वेगळे होतात असा बघा. सासूबाईंनी जुन्या सुती साडीचे लंगोट काढून दिले होते, तेही दिवसा बूस्टर म्हणून झकास. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुताची खळ गेलेली असते, ते पाणी पटकन पितं. मलमल हवं असेल तर इचलकरंजी जवळच आहे, मीटरवर आणा आणि कडा शिवून घ्या.

बूस्टर वाढवायलाही मर्यादा आहे. दोनाच्या वर गेलात की मांडीपाशी फट पडते आणि तिथूनच गळतं. ‘एवढं जाड बांधलं तर पोराचे पाय फेंगडे होतील’ असं आमच्या घरी ऐकवलं जायचंच. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, या वयात मांड्या थोड्या फाकलेल्या राहिल्या तर खुब्याच्या सांध्याला उलट बरंच.

लायनर तीन तऱ्हेचे वापरले. फ्लीसचा पॉलिस्टर असतो, स्वतः पाणी धरत नाही, खाली सोडतो, त्यामुळे वरून कोरडा लागतो. पॉकेटच्या आत आधीच फ्लीस असतं, मग पुन्हा वर फ्लीस कशाला? ज्यांच्याकडे नुसतं कव्हर आणि वर उघडा पॅड आहे त्यांना तो लागतो. घरी कापणार असाल तर पातळ फ्लीस घ्या. ब्लँकेटच्या जाड फ्लीसवरून शू घरंगळते. कोरडं लागतं म्हणून नॅपी चार-पाच तास ठेवणं बरोबर नाही, दोन-तीन तासांनी आणि शी झाली की लगेच बदलायचीच. एप्रिलमध्ये मात्र मी दिवसा मलमलचा लायनर घालते. ओलं लागतं, मुलगा कुरकुरतो, मी लवकर बदलते. घामोळ्यांपेक्षा ते परवडलं.

लायनरचा खरा उपयोग मालिशच्या दिवसांत झाला. खोबरेल चोपडलेलं बाळ तसंच नॅपीत घातलं की फ्लीसवर तेलाचा थर बसतो आणि शू आत न जाता बाजूनं निसटते. रॅशच्या झिंकवाल्या क्रीमनंही तेच होतं. त्या वेळी मध्ये एक जुना मलमलचा तुकडा घालायचा. थर बसलाच तर भांड्याच्या पातळ साबणानं, गरम पाण्यात, फेस जाईपर्यंत धुवायचं. कपडे मऊ करायचं सुगंधी औषध यांना वर्ज्य, तेही असाच थर धरतं. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, म्हणून साबणासोबत धुण्याचा सोडा थोडा टाकते. नाहीतर क्षार बसून हेम्पला सकाळी अमोनियाचा भपकारा येतो. रात्रीची नॅपी उठल्या उठल्या साध्या पाण्यातून काढून ठेवली तरी निम्मं काम होतं.

पिवळ्या डागांसाठी काही विकत घेऊ नका. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीमधला पिवळेपणा बिलिरुबिनचा असतो. कावीळ झालेल्या नवजात बाळाला दिव्याखाली ठेवतात ते याच्यासाठीच, उजेडानं ते मोडतं. धुऊन ओल्यानंच कडक उन्हात टाका. हळदीच्या डागालाही इथे हाच उपाय करतात, आणि हळदीचं सांगलीकरांना कुणी शिकवायला नको! पीयूएलचं कव्हर मात्र सावलीत.

उष्टावणानंतर गणित फिरलं. आधीची शी पाण्यात विरघळून जायची, लायनर नसला तरी अडत नव्हतं. नाचणी-वरणभात सुरू झाल्यावर शी घट्ट झाली आणि फेकायच्या लायनरचा रोल पहिल्यांदा कामाला आला. शी संडासात झटकायची आणि लायनर कागदात गुंडाळून कचऱ्यात, वेष्टनावर ‘फ्लश करता येतो’ लिहिलेलं असलं तरी. सेप्टिक टँक उपसायला गाडी बोलवावी लागली की रोलची खरी किंमत कळेल. घरी शी झटकायला मी आता फ्लीसचाच लायनर धुऊन वापरते, रोल प्रवासापुरता. व्हिस्कोसचा असेल तर नुसता शूनं भिजलेला लायनर फेकू नका. जाळीच्या पिशवीत घालून धुतला तर एक-दोन वेळा परत चालतो.