टॉवेल कारखान्याला मिळणारी संगणक सेवा: एक अभिप्राय

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील आमच्या टॉवेल कारखान्याचे बिलिंग आणि पगाराचे सॉफ्टवेअर सोलापुरातीलच एक संस्था सांभाळते. काम वेळेवर होते, दर वाजवी आहेत.

खर्च वाचावा म्हणून आमच्या हिशेबनिसांनी एका सॉफ्टवेअरची बनावट प्रत टाकून मागितली, तेव्हा आलेल्या तरुण अभियंत्याने नम्रपणे नकार दिला आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३ब नुसार अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे समजावून सांगितले. गिऱ्हाईक दुखावले तरी वरिष्ठ त्याच्या पाठीशी राहिले, हे मला विशेष वाटते. आपल्याकडे सहसा उलट घडते.

कामगारांच्या माहितीबाबत मात्र ही दक्षता दिसत नाही. आधार क्रमांक, बँक खाती आणि उचल यांची नोंद असलेल्या प्रणालीचा एकच पासवर्ड संस्थेतील सारे जण, अगदी शिकाऊ मुलेसुद्धा, वापरतात. त्यामुळे कोणी काय पाहिले याचा माग राहत नाही, आणि उद्या माहिती फुटली तर खापर बहुधा सर्वांत कनिष्ठाच्या माथी फुटेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या वाजवी उपायांत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि काम बाहेर सोपवले तरी जबाबदारी आमच्यासारख्या मालकाचीच राहते. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्यावे, ही अट आम्ही नव्या वार्षिक करारात घातली असून संस्थेने ती मान्य केली आहे. अंमलबजावणी होईपर्यंत पाचपैकी तीन गुण.