एक कोंबडा, दोन की नरांचं वेगळं खुराडं? दोन-चार गुंठ्यांवरचा हिशोब

खुडूक (उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली १२ अंडी ठेवली आणि १० पिलं निघाली, तर त्यात चार-पाच नर धरूनच चालायचं. तीनेक महिन्यांत तुरे लाल होतात, आणि पुण्याच्या कडेला भूगाव, धायरी, वाघोलीकडे दोन-चार गुंठ्यांवर घर बांधून राहिलेल्या माणसापुढे प्रश्न उभा राहतो की एवढ्यांचं करायचं काय. वाटा चार आहेत: एकही न ठेवणं, एक ठेवणं, कोंबड्यांमध्येच दोन-तीन सोडणं, किंवा जास्तीचे नर वेगळे पाळणं.

नुसती अंडी खायची असतील तर कोंबडा नकोच. तो नसला तरी कोंबडी तेवढीच अंडी घालते, आणि फलित अंड्यात जास्त ताकद असते हा समजच आहे. उलट पुण्याच्या उन्हाळ्यात फलित अंडं त्रास देतं. साधारण २१ अंशांच्या वर त्यातला गर्भ हळूहळू वाढायला लागतो आणि एप्रिल-मेमध्ये इथे पारा ३८-४० पर्यंत जातो. खुराड्यात दिवसभर विसरलेलं अंडं तव्यावर फोडलं की लाल रेषा दिसते आणि घरातली पोरं अंडं खाणं सोडतात.

पिलं काढायची असतील तर एक कोंबडा. त्याच्यामागे ८-१० कोंबड्या हव्यात. चारच असतील तर त्यांच्या पाठीची पिसं महिनाभरात उडतात. एकाच कोंबड्याचे तोटे दोन. तो मुंगसानं नेला किंवा मानमोडीच्या रोगात गेला तर हंगाम बुडाला, आणि पुढच्या वर्षी त्याच्या लेकीच त्याच्यासमोर असतात. पण यावर उपाय म्हणून दुसरा कोंबडा पाळायलाच हवा असं नाही. नराशी संबंध आल्यावर कोंबडी दहा-बारा दिवस फलित अंडी देऊ शकते, म्हणून ओळखीच्याचा कोंबडा आठवडाभर आणला तरी एक उबवण निघते. आणलेला पक्षी आधी दोन आठवडे लांब ठेवावा. आणि जुना कोंबडा काढून नवा सोडला असेल तर पिलं नव्याचीच हवीत म्हणून तीन आठवडे थांबावं, तोवरच्या अंड्यांचं ऑम्लेट करावं.

खरा घोळ आहे तिसऱ्या वाटेत. एका कोंबडीखाली वाढलेले भाऊ चार-पाच महिने इतके गुण्यागोविंदानं राहतात की मालकाला वाटतं, आपले वेगळेच आहेत. मग तलंगा (तरुण कोंबड्या) अंड्यावर येतात आणि चित्र पालटतं. मोकळं रान असेल तर हरलेला नर लांब जाऊन चरतो, दोन-तीन कोंबड्या आपल्याकडे ओढतो आणि भांडण तिथंच मिटतं. गुंठाभर कुंपणात त्याला पळायला जागाच नसते. वीसेक कोंबड्या, दाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, आणि मध्ये आडोसा होईल अशी झाडं किंवा पत्रे असतील तर दोन नर नांदू शकतात. सहा कोंबड्यांत दोन कोंबडे ठेवले तर भांडतात नर, हाल मात्र माद्यांचे होतात. आणखी एक: जखमी झाला म्हणून एकाला चार दिवस बाजूला काढलं, तर परत सोडताना तो परका झालेला असतो आणि सगळी लढाई पहिल्यापासून. असील असेल तर ही वाट धरूच नका. ती जात लढण्यासाठीच निवडत आणलेली आहे. (झुंजी लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, हे ‘गंमत म्हणून’ म्हणणाऱ्या पाहुण्यांनाही सांगून ठेवावं.)

चौथी वाट ऐकायला वेडेपणाची वाटते: चार-पाच नर एकाच खुराड्यात! पण कोंबड्या नजरेआड असतील तर भांडायचं मुख्य कारणच उरत नाही. सगळे एकाच दिवशी आत सोडायचे, नंतर नवा भरती करायचा नाही. मध्ये जाळी असून चालत नाही, जाळीतूनही डोकी फुटतात. पत्रा किंवा भिंत हवी. खाद्याचाही एक फायदा होतो. लेअर मॅशमध्ये (अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात) कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, नराला एक टक्काही पुरतं, आणि जादाचा भार मूत्रपिंडांवर पडतो. वेगळं खुराडं म्हणजे वेगळं खाद्य देता येतं. खर्च मात्र सरळ आहे: दुसरं छप्पर, आणि अंडं न देणाऱ्या प्रत्येक तोंडाला रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम दाणा.

आता आवाज. निवासी भागासाठी ध्वनिनियमांची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. जवळ उभं राहिलं तर एक बांग शंभराच्या आसपास जाते. रात्री डालून ठेवलं की गप्प बसेल, ही आशा सोडा. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतं, आणि झाकलेलं कोंबडंही आरवतंच. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की उजेड नसतानाही त्याचं आतलं घड्याळ चालू असतं. त्यांनीच २०१५ मध्ये नोंदवलं की आधी म्होरक्या आरवतो, मग बाकीचे पायरीपायरीनं. म्हणजे पाच नर असले तर पहाटे एक बांग नव्हे, रांग असते. बंद, जाड भिंतीच्या खुराड्यानं आवाज दबतो, एवढंच. शेजारची भिंत पंधरा फुटांवर असेल तर चौथी वाट तिथंच संपली.

माझं मत विचाराल तर दोन गुंठ्यांपर्यंत एक किंवा शून्य. पाच गुंठे, शेजार लांब आणि पिलं विकायचा विचार असेल तर कळपात एक, नरांच्या खुराड्यात एक राखीव. कळपात दोन सोडणं मी वीस कोंबड्यांखाली सुचवणार नाही.

उरलेल्यांचं काय, ते उबवण बसवतानाच ठरतं. पिलं २१ दिवसांत निघतात. माघात किंवा फाल्गुन लागताना अंडी बसवली तर नर आखाडात चार-साडेचार महिन्यांचे होतात, आणि गटारीच्या आधीच्या आठवड्यात गावरान कोंबड्याला दारात येऊन गिऱ्हाईक मिळतं. चैत्र लागताना बसवली तर तेच नर ऐन श्रावणात तयार होतात. मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र धरून दसऱ्यापर्यंत ते तुमचाच दाणा खातात.