गॅलागा, गॅलेक्सियन की स्पेस इन्व्हेडर्स : आधी कोणता लावायचा?

गेल्या महिन्यात आतेभावाचा फोन आला, दादा टीव्हीला जोडायचं ते जुन्या गेमचं मशीन आणलंय, त्यात गॅलागा पण आहे, गॅलेक्सियन पण आहे आणि स्पेस इन्व्हेडर्स पण, मला तर तिन्ही सारखेच दिसतात, खाली आपलं विमान आणि वरती किडे, पोरगी नऊ वर्षांची आहे, तिला आधी कोणता लावून देऊ सांग. अर्धा तास बोलत होतो तरी सगळं सांगून झालं नाही. म्हणून नीट लिहून काढतोय, कारण हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो आणि "कुठलाही लाव, एकच आहे" हे उत्तर मला अजिबात पटत नाही.

आधी एक सांगतो, आमच्याकडे ज्यांनी हे गेम खेळलेत त्यातल्या बहुतेकांनी ते टीव्ही गेमवर खेळलेत, त्या पिवळ्या कॅसेटवर, ज्यावर ९९९९९९ इन वन लिहिलेलं असायचं आणि आत तेच पंधरा-वीस गेम फिरून फिरून यायचे. मे महिन्याच्या सुट्टीत, दुपारी मोठी माणसं झोपली की आवाज बारीक करून. ते गेम म्हणजे मूळ आर्केड मशीनच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनच्या, घरगुती आवृत्त्या होत्या, नॅमको कंपनीने फॅमिकॉम या निंटेंडोच्या घरगुती गेम मशीनवर गॅलेक्सियन १९८४ ला आणला आणि गॅलागा १९८५ ला, तिथून ते आपल्या कॅसेटवर आले. मूळ मशीन त्याच्याही आधीची. स्पेस इन्व्हेडर्स १९७८ चा, टाइटो कंपनीचा, बनवणारे तोमोहिरो निशिकादो. गॅलेक्सियन १९७९, नॅमको. गॅलागा १९८१, तोही नॅमकोचाच. म्हणजे तीन वर्षांत तीन गेम, आणि त्या तीन वर्षांत नेमकं काय बदललं तर समोरचा शत्रू बदलला. आपलं विमान तेच आहे, डावीकडे उजवीकडे जायचं आणि वर गोळी मारायची, एवढंच. म्हणून निवडायचं असेल तर ग्राफिक्स बघू नका, समोरचे कसे वागतात ते बघा.

स्पेस इन्व्हेडर्समध्ये ते चालून येतात. ११ जणांची एक रांग, अशा ५ रांगा, एकूण ५५. सगळे एकत्र आडवे सरकतात, कडेला टेकले की एक पायरी खाली उतरतात आणि उलट दिशेने परत. खालच्या दोन रांगांना १० पॉइंट, मधल्या दोनांना २०, सगळ्यात वरच्या रांगेला ३०. आपल्यासमोर चार आडोसे असतात, त्यांच्यामागे लपता येतं, पण त्यांच्या गोळ्यांनी पण ते झिजतात आणि आपल्या गोळ्यांनी पण. आणि ही फौज खालपर्यंत पोचली की खेळ संपला, मग तुमच्याकडे किती लाईफ शिल्लक आहेत त्याचा काही उपयोग नाही.

याच्यात शत्रू एकेकटा हल्ला करत नाही, डोकं लढवत नाही, तरी भीती वाटते आणि ती का वाटते हे मला फार आवडतं. त्या मशीनमध्ये इंटेल ८०८० प्रोसेसर होता, त्याला ५५ जण एकदम हलवणं जड जायचं, त्यामुळे सुरुवातीला ते संथ चालतात. आपण जसजसे मारत जातो तसं प्रोसेसरचं काम कमी होतं आणि उरलेले आपोआप वेगाने पळायला लागतात. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं, कारण खेळायला मजा येत होती. सोबत तो चार सुरांचा ढम ढम ढम ढम आवाज, तो पण त्यांच्या पावलांबरोबर जलद होत जातो. शेवटचा एकटा उरतो ना, तो स्क्रीनभर असा धावतो की त्याच्यावर नेम धरून काही होत नाही, तो जिथे येणार आहे तिथे आधीच गोळी सोडून ठेवावी लागते. गोळी एका वेळी एकच, ती लागेपर्यंत किंवा वर जाऊन संपेपर्यंत दुसरी सुटत नाही, त्यामुळे चुकली की तेवढा वेळ हात बांधून उभं राहायचं.

वरून अधूनमधून एक तबकडी जाते तिचं पण सांगतो. तिचे पॉइंट ५० पासून ३०० पर्यंत, लहानपणी वाटायचं नशिबावर आहे, पण नाही, ते आपण किती गोळ्या झाडल्या त्यावर ठरतं. २३ वी गोळी तबकडीला लागली तर ३००, मग पुढे दर १५ व्या गोळीला ३००. ज्यांना असं मोजत मोजत खेळायला आवडतं त्यांच्यासाठी हा गेम आजही सोनं आहे.

आता गॅलेक्सियन. इथे आडोसे गेले, खालपर्यंत पोचले की संपलं हा प्रकार पण गेला. ४६ जण वर रांगेत उभे असतात, ३० निळे, ८ जांभळे, ६ लाल आणि अगदी वर २ पिवळसर फ्लॅगशिप, म्हणजे त्यांचे म्होरके. ते रांगेतून सुटून आपल्यावर झेपावतात, वळत वळत, बाँब टाकत, आणि आपण मारलं नाही तर खालून बाहेर जाऊन वरून परत आपल्या जागेवर येऊन उभे राहतात. स्पेस इन्व्हेडर्सच्या शिस्तीनंतर हे पहिल्यांदा बघताना अंगावर येतं, खरंच सांगतो, कारण आता आपल्याला वर रांगेकडे पण लक्ष ठेवायचंय आणि जो सुटलाय त्याच्याकडे पण. रंग पण इथे खरे, सुरुवातीच्या स्पेस इन्व्हेडर्सचा पडदा काळा-पांढरा होता आणि त्यावर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या असायच्या.

गॅलेक्सियनची खरी गंमत फ्लॅगशिपमध्ये आहे. ती खाली येते तेव्हा दोन लाल सोबत घेऊन येते, अंगरक्षकासारखे. आधी ते दोन्ही लाल उडवले आणि मग फ्लॅगशिप उडवली तर ८०० पॉइंट मिळतात, नुसती रांगेत उभी असताना मारली तर फक्त ६०. पण इथे पण गोळी एकच. म्हणजे तीन जण अंगावर येतायत, तीन गोळ्या तीन वेगवेगळ्या क्षणी अचूक लागायला पाहिजेत आणि एक जरी चुकली तर ती वर जाऊन संपेपर्यंत आपण रिकामे. आपल्या विमानाच्या नाकावर ती एक गोळी दिसते सुद्धा, झाडली की नाक रिकामं. मला वाटतं नेम शिकावा तर गॅलेक्सियनवर, बटण बडवत बसलात तर हा गेम एक मिनिट टिकू देत नाही.

कमतरता म्हणाल तर पहिली स्टेज आणि दहावी स्टेज यात फरक फक्त जोर वाढण्याचा आहे, नवीन काही दिसत नाही. तासभर खेळलं की कळतं आता यापुढे हेच आहे. नऊ वर्षांच्या मुलीला तिथे कंटाळा येईल असं मी आतेभावाला सांगितलं.

आणि गॅलागा. याच्याबद्दल मी जास्त लिहिणार कारण याच्यात जास्त आहे.

पहिला फरक, शत्रू आधीपासून उभे नसतात, ते येतात. स्टेज सुरू होते तेव्हा वर रिकामं आकाश असतं, मग आठ आठच्या पाच टोळ्या येतात, कधी वरून कधी बाजूने, गिरक्या घेत, आणि आपापल्या जागेवर जाऊन बसतात. एकूण ४०, त्यात २० मधमाश्या, १६ फुलपाखरं आणि ४ बॉस. म्हणजे ते जागेवर बसायच्या आत, येता येताच त्यांना टिपता येतं, आणि जो हे शिकला त्याचं अर्धं काम तिथेच होतं. कुठली टोळी कुठून येणार हे दोन-चार वेळा खेळलं की पाठ होतं. दुसरा फरक, गोळ्या एका वेळी दोन. ऐकायला छोटी गोष्ट आहे पण हात मोकळा होतो, एक चुकली तरी दुसरी हातात असते.

मधमाशी रांगेत मारली तर ५०, झेपावताना मारली तर १००. फुलपाखरू ८० आणि १६०. बॉसला मात्र दोन गोळ्या लागतात, पहिली लागली की त्याचा हिरवा रंग बदलतो. रांगेत १५०, एकटा खाली येत असेल तर ४००, सोबत एक फुलपाखरू असेल तर ८०० आणि दोन असतील तर १६००. इथे ती अंगरक्षकांना आधी मारायची अट नाही, ते सोबत असताना बॉसला मारला की झालं. म्हणजे थांबायचं आणि जवळ येऊ द्यायचं, जितका धोका घ्याल तितकं मिळतं.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे गॅलागा वेगळा आहे. कधीतरी एक बॉस खाली येतो पण झेपावत नाही, आपल्या डोक्याच्या थोडा वर येऊन थांबतो आणि निळ्या किरणांचा पंखा खाली सोडतो. त्यात आपण सापडलो की विमान गोल गोल फिरत वर ओढलं जातं, आपल्या हातातली काठी, म्हणजे जॉयस्टिक, बंद, आणि मग ते लाल होऊन बॉसच्या पाठीमागे रांगेत जाऊन बसतं. एक लाईफ गेली. पण शिल्लक लाईफ असेल तर पुढच्या विमानाने ते सोडवता येतं. बॉस ते विमान घेऊन खाली येईल तेव्हा बॉसला मारायचं, विमानाला गोळी न लावता, की ते फिरत फिरत खाली येतं आणि आपल्या विमानाला येऊन चिकटतं. आता दोन विमानं, गोळ्या दुप्पट. घाई केली आणि बॉसला वर रांगेतच मारलं तर मात्र विमान सुटत नाही, उलट तेच आपल्यावर चालून येतं. आणि शेवटची लाईफ असताना पकडले गेलात तर तिथेच संपलं.

म्हणजे बघा, इथे मुद्दाम एक लाईफ द्यायची की नाही हे आपण ठरवायचंय. आधीच्या दोन गेममध्ये मरणं म्हणजे नुसतं मरणं होतं. इथे ती गुंतवणूक होते. दोन विमानांचा तोटा पण आहे, रुंदी दुप्पट झाल्यामुळे गोळी लागायची शक्यता पण दुप्पट, पण लागली तर एकच विमान जातं. मी तर पहिल्याच स्टेजला विमान पकडू देतो, कारण तिसरी स्टेज चॅलेंजिंग स्टेज असते, तिथे ४० जण नुसते नक्षी काढत उडत जातात, कोणी गोळी मारत नाही, आणि सगळे ४० टिपले तर १०,००० चा बोनस. एका विमानाने ते जमवायला खूप सराव लागतो, दोन विमानांनी लवकर जमतं. त्यानंतर दर चौथी स्टेज अशीच, ७, ११, १५. मधे मधे हा विसावा मिळतो, त्यामुळे लहान मुलं पण टिकून राहतात. शिवाय साधारण सेटिंगमध्ये २०,००० ला एक लाईफ मिळते, मग ७०,००० ला, तेवढ्यासाठी पण पोरं जिवाचं रान करतात.

संपल्यावर किती गोळ्या झाडल्या, किती लागल्या आणि टक्के किती हे पण दाखवतो, ते मला फार आवडतं, कारण स्कोअर वाढला नाही तरी टक्के वाढलेले दिसतात.

एक जुनी खोड पण आहे मूळ मशीनमध्ये. पहिल्या स्टेजला डावीकडच्या दोन मधमाश्या सोडून बाकी सगळे मारायचे आणि साधारण १५ मिनिटं त्यांना नुसतं चुकवत राहायचं, की त्या गोळ्या टाकणं बंद करतात, आणि मग त्यांना मारून पुढे गेलं की उरलेल्या सगळ्या गेममध्ये कोणीच गोळी टाकत नाही. प्रोग्राममधली चूक आहे ती. पोरांना सांगू नका पहिल्या महिन्यात, खेळाची धार जाते.

मग घ्यायचा कोणता. लहान मुलगा-मुलगी असेल किंवा बऱ्याच वर्षांनी हातात घेताय तर गॅलागा, विचार करू नका. ऑफिसमधून येऊन दहा मिनिटं मिळतात आणि डोकं एका जागी लावायचंय तर स्पेस इन्व्हेडर्स, आणि मोबाईलवर बोटाने खेळणार असाल तरी तोच, कारण त्याचा सुरुवातीचा वेग बोटाला झेपतो. गॅलागा काचेवर खेळू नका, खरी काठी किंवा निदान दाबली जाणारी बटणं पाहिजेत, नाहीतर किरणातून निसटताच येत नाही. गॅलेक्सियन मी दुसऱ्या नंबरवर सांगीन, गॅलागा महिनाभर खेळून झाल्यावर, एका गोळीची शिस्त अंगात यावी म्हणून. उलट्या क्रमाने गेलात तर मात्र गॅलेक्सियनमध्ये रमाल आणि गॅलागाचं कौतुक जास्त वाटेल, आमचं तसंच झालं होतं, पण तेव्हा कॅसेटवर जे यायचं ते खेळायचो, निवड कुठे होती.

दोघांनी खेळायचं तर तिन्हीत आळीपाळीनेच, एक मेला की दुसऱ्याची पाळी, घरात दोन भावंडं असतील तर हे आधी सांगून ठेवा. आणि टीव्हीवर चित्र मधे उभं, अरुंद दिसेल आणि दोन्ही बाजूला काळं राहील, कारण मूळ मशीनचा पडदा उभा होता. ते ताणून रुंद करू नका, शत्रूंच्या गिरक्यांचा आकार बिघडतो आणि नेम चुकायला लागतो. फॅमिकॉमची आवृत्ती मात्र टीव्हीसाठीच बनवलेली आहे, तिथे ही अडचण नाही.

आतेभावाने गॅलागा लावून दिला. चार दिवसांनी पोरीचाच फोन आला, काका माझं विमान त्या हिरव्याने नेलं, आता मी त्याला मारू का नको? मी म्हटलं थांब, तो खाली येईपर्यंत हात लावू नकोस, आणि येताना बाजूने मार. रात्री आतेभावाने व्हिडिओ पाठवला, त्यात दोन विमानं एकमेकांना चिकटलेली आहेत, स्टेज चौथी, आणि मागून तिचा आवाज येतोय, बाबा हलू नका, हलू नका.