ट्रेलर नाही आला, ९३,८०० ची टोपी तेवढी बसली

लिहू का नको करत तीन महिने गेले. घरात माहितीय, मित्रांत निम्म्यांना माहितीय, ऑफिसात अजून कुणाला सांगितलेलं नाही. पण परवा आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर एकानं तसल्याच कॅम्पर ट्रेलरचा (गाडीमागं ओढत न्यायची, आत झोपायची सोय असलेली खोली) फोटो टाकून "घ्यावा का?" विचारलं आणि माझ्या पोटात गोळाच आला.

आम्ही चौघं, वर्षातनं दोन-तीनदा मालवण-तारकर्लीला जातो. डिसेंबरात रूम ४,००० रुपये रात्रीचे. सेकंडहँड ट्रेलर विकणारा ४,२५,००० ला सांगत होता. मी वहीत हिशोब घातला, वर्षाला ३० रात्री बाहेर राहिलो तर साडेतीन वर्षांत पैसे वसूल. ३० रात्री! मला सुट्ट्याच वर्षाला १८. खरा हिशोब १० रात्रींचा, म्हणजे साडेदहा वर्षं, आणि ते पण टायर, इन्शुरन्स, पार्किंग सोडून. राहतो कोल्हापुरात मंगळवार पेठेत, बोळात समोरासमोर दोन मोपेड आल्या तर एकीला मागं घ्यावं लागतं, तिथं ट्रेलर कुठं उभा करणार होतो देव जाणे. पण डोक्यात बसलं की बसलं.

विकणाऱ्याचं म्हणणं, बदली झालीय, अर्जंट विकायचाय, बेंगळुरूला आहे, पुढचं तुम्हाला पाठच असेल. मला पण माहीत होतं ओ, मी काय कालचा नाही. पण हा गडी वेगळा बोलला. पैशाचं नावच काढलं नाही, उलट मलाच विचारलं, "सर तुमची गाडी किती वजन ओढते ते आधी कंपनीच्या पुस्तकात बघा, जमत नसेल तर मी देणारच नाही, घाटात बायका-पोरं असतात." आता असं बोलणाऱ्या माणसावर संशय कसा घ्यायचा सांगा! करूळ घाटाचं मीच त्याला वर्णन करून सांगत बसलो.

मग टोकन २५,०००. ट्रान्सपोर्ट १८,५००. एनओसीचे १२,३००. मग ट्रक म्हणे कागलला येऊन थांबलाय, नाक्यावर अडवलाय, ३८,००० डिपॉझिट भरा, डिलिव्हरीनंतर परत मिळतील. भरले. कागल! घरापासनं अर्धा-पाऊण तास. गाडी काढून बघून आलो असतो तर ३८,००० वाचले असते. "ड्रायव्हर निघालाय, चुकामूक होईल" म्हणाला आणि मी घरात चहा पीत बसलो.

पण खरी चूक त्याच्या आधीची, ती रात्री अजून झोपू देत नाही. टोकनच्या आदल्या दिवशी बायकोला फोटो दाखवले. तिनं बोटानं मोठा करून बघितला आणि म्हणाली, "अहो, दार उजवीकडं कसं काय? रस्त्याकडेला थांबलो तर पोरं ट्रॅफिकमध्येच उतरतील की." बरोबर बोलत होती! आपण डावीकडनं चालवतो, दार डावीकडं पाहिजे. तो फोटो युरोपातला कुठलातरी उचललेला होता, तिकडं उजवीकडनं चालवतात. आणि मी काय म्हणालो? "इंपोर्टेड आहे गं, तुला काय कळतंय." हे वाक्य ती आता महिन्यातनं एकदा तरी मला ऐकवते, ऐकवू दे.

आणि गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर बघत मोठा झालेला माणूस मी, ट्रॉलीला वेगळा नंबर, वेगळं आरसी (नोंदणीचं पुस्तक) असतं हे मला कुणी शिकवायला नको. त्यानं आरसीचा फोटो पाठवलेला. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकायला एक मिनिट लागतं. मी टाकला सगळं झाल्यावर. स्कूटरचा निघाला. तुम्ही आधी टाका.

पुढची गंमत पोलिसांची. ठाण्यात गेलो, तिथले साहेब म्हणाले "कॅम्पर म्हंजे काय?" समजावलं तर म्हणाले "मग तंबू घ्यायचा की." सगळे हसले, मी पण हसलो, काय करणार. मग सायबरकडं जा. सायबरवाले म्हणाले पोर्टलवर टाका. टाकलं, तर पुन्हा ठाण्यात जा. ठाण्यात साहेब बंदोबस्ताला. चार चकरा, तीन हाफ डे. बँकेत गेलो तर मॅडम मान वर न करता म्हणाल्या "ओटीपी तुम्हीच टाकलाय ना?" हो, मीच टाकलाय, माझ्याच हातानं टाकलाय, म्हणून चोर सोडून मलाच आरोपी करणार का? आता त्या चोराच्या खात्यात १,१२० रुपये होल्ड झालेत म्हणे, सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा. वकील ५,००० सांगतोय.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन त्याच तासात करायचा असतो, पैसे पुढं सरकायच्या आत. मी नऊ दिवसांनी केला, कारण मला वाटत होतं ट्रक येईल. असल्या सौद्यात परत मिळणारं डिपॉझिट असलं काही नसतं. वस्तूला हात लावल्याशिवाय एक रुपया नाही, विकणारा कितीही गोड असू दे. आणि घ्यायच्या आधी एकदा भाड्यानं घेऊन बघा राव, दोन रात्रीत हौस फिटती.

टोकन दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी उद्यमनगरात गाडीला टो हुक (ट्रेलर जोडायचा मागचा हुक) मारून घेतला, १४,५००, वरच्या ९३,८०० मध्ये तो धरलेला नाही. डिकी उघडताना रोज नडगीला लागतो. कुणाला पाहिजे असेल तर विकायचाय, समोर येऊन बघा, टोकन घेणार नाही.