मोठ्या लिपीचे 53,808 रुपये

रत्नागिरी तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. 2020 च्या टाळेबंदीत वाशीला माल पाठवणे बेभरवशाचे झाले, तेव्हा इतर अनेक बागायतदारांप्रमाणे आम्हीही मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना थेट पेट्या पोचवू लागलो आणि त्याच वर्षी माझ्या पुतण्याने आम्हाला एक साधे संकेतस्थळ तयार करून दिले. तयार साचा न वापरता त्याने प्रत्येक पान हाताने लिहिले होते. एकूण 38 पाने होती, त्यांपैकी 27 इंग्रजी आणि 11 मराठी. पुढच्या तीन हंगामांत निम्म्याहून अधिक किरकोळ मागणी या संकेतस्थळावरून येऊ लागली. पुतण्या नोकरीनिमित्त बेंगळुरूला गेला आणि संकेतस्थळ जसे होते तसे चालू राहिले. फेब्रुवारी 2024 मध्ये माझी जी फसवणूक झाली ती याच संकेतस्थळाच्या शीर्षकांवरून झाली. इंग्रजी शीर्षके मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटल अक्षरांत, करून देण्याचा असाच प्रस्ताव आमच्या भागातील आणखी काही बागायतदारांकडे आणि पर्यटकांसाठी खोल्या देणाऱ्या घरांकडेही आल्याचे कानावर आल्यामुळे हा सर्व प्रकार सविस्तर लिहीत आहे.

जानेवारीच्या अखेरीस, संकेतस्थळ गूगलच्या शोधात वर आणून देतो म्हणणाऱ्या एका संस्थेचा तरुण प्रतिनिधी घरी आला. संस्थेचे नाव येथे देत नाही. बोलणे अदबीचे होते, काका-काकू म्हणत होता, आणि चहा घेता घेता त्याने आमचे संकेतस्थळ उघडून एक दोष दाखवला. आमच्या इंग्रजी पानांची शीर्षके, म्हणजे शोधाच्या निकालात दिसणारी पानांची नावे, लहान लिपीत होती, फक्त पहिले अक्षर मोठे. त्याचे म्हणणे असे की, गूगल मोठ्या अक्षरांतील शब्द महत्त्वाचे मानते, त्यामुळे सगळी शीर्षके मोठ्या लिपीत केली तर 'अल्फान्सो मँगो' शोधणाऱ्याला आमचे पान निकालांच्या पहिल्या पानावर दिसेल. मी पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या पिढीतला आहे. शाळेत आम्ही मोठ्या लिपीला पहिली लिपी म्हणत असू, आणि दुकानाची पाटी, सरकारी अर्ज, लग्नपत्रिकेवरचे आडनाव, जे जे मानाचे ते ते पहिल्या लिपीत लिहायचे असते हे मनात पक्के बसलेले होते. त्यामुळे त्याचे बोलणे मला खोटे वाटले नाही, उलट हे आपल्याला आधीच कसे सुचले नाही याचेच वाईट वाटले.

पुरावा म्हणून त्याने जे करून दाखवले ते मुद्दाम तपशिलाने सांगतो. त्याने आमच्याच एका पानाचे शीर्षक तात्पुरते मोठ्या लिपीत केले, दोन दिवसांनी पुन्हा आला, आणि माझ्यासमोर गूगलमध्ये ते संपूर्ण शीर्षक, त्यातील आमच्या बागेच्या नावासह, मोठ्या लिपीत टंकित केले. आमचे पान सर्वांत वर आले. मी थक्क झालो. आमच्या बागेचे नाव जगात दुसऱ्या कोणाचे नाही, त्यामुळे ते टाकल्यावर आमचे पान वर येणार हे उघड होते. तेच शब्द लहान लिपीत टंकित केले असते तरी तोच निकाल आला असता, कारण गूगलचा शोध सामान्यतः लहान-मोठ्या अक्षरांत भेद करीतच नाही. हे गुपित नाही, त्यांच्या मदतीच्या पानांवर पूर्वीपासून लिहिलेले आहे. दोन शब्दांपैकी कोणताही चालेल असे सांगण्यासाठी मध्ये जो 'ऑर' टाकतात तो मात्र मोठ्या लिपीतच लागतो, पण आंबा विकत घेणारा माणूस ते कधी वापरत नाही. अर्ध्या मिनिटाची ही पडताळणी मी केली नाही. वाशीहून येणारी दलालाची पट्टी मी ओळीओळीने तपासतो, हमाली आणि तोलाईचे आकडे जुळवून पाहतो, आणि इथे मात्र समोरच्याने काय टंकित केले आणि काय टंकित केले नाही याकडे माझे लक्षच गेले नाही.

करार झाला तो असा: 38 पाने, प्रत्येकी 1,200 रुपये, म्हणजे 45,600 रुपये, आणि 18 टक्के जीएसटी धरून 53,808 रुपये. शिवाय मार्चपासून दरमहा 6,000 रुपये देखभालीचे. करारात 'शीर्षकांचे कॅपिटलायझेशन करून देणे' एवढेच लिहिलेले होते. पहिल्या पानाचे आश्वासन तोंडी होते. आपण एकदा कबूल केल्यावर कागद कोण वाचतो, अशी माझी त्या वेळची वृत्ती होती. संकेतस्थळ शोधात पहिल्या क्रमांकावर येईल याची हमी कोणीही देऊ शकत नाही आणि अशी हमी देणाऱ्यांपासून सावध राहावे, हे स्वतः गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात म्हटलेले आहे. ते मी वाचले वर्षभराने.

एप्रिल 2024 मध्ये अहवाल आला आणि माझा उरलासुरला संशय गेला. फेब्रुवारीच्या मानाने संकेतस्थळावरील भेटी तिपटीहून अधिक झाल्याचा आलेख त्यात होता, वर चढत जाणारी हिरवी रेघ. ज्याने हापूसचा व्यवहार केला आहे त्याला ही रेघ पाहून हसू यायला हवे होते. फेब्रुवारीत बाजारात तुरळक पेट्या असतात आणि त्यांचा भाव ऐकूनच गिऱ्हाईक फोन ठेवते. खरी विचारपूस सुरू होते ती गुढीपाडव्याच्या सुमारास आणि अक्षय्य तृतीयेला ती शिगेला पोचते. त्या वर्षी पाडवा 9 एप्रिलला आणि अक्षय्य तृतीया 10 मे रोजी होती. म्हणजे शीर्षकांना हात न लावताही एप्रिलमध्ये भेटी वाढणारच होत्या, दरवर्षी वाढतातच. तुलना करायची तर एप्रिल 2023 शी करायला हवी होती, आणि तो आलेख अहवालात नव्हता. माझ्या मागणीच्या वहीत मात्र होता. संकेतस्थळावरून आलेल्या मागण्या एप्रिल 2023 मध्ये 318 होत्या आणि एप्रिल 2024 मध्ये 311. ही दोन पाने मी शेजारी ठेवून पाहिली ती पुढच्या वर्षी.

शीर्षके मोठ्या लिपीत केल्याने काहीच फरक पडत नाही असेही म्हणता येणार नाही, पण जो पडतो तो विकत घेण्यासारखा नाही. शोधाच्या निकालात शीर्षकाला ठरावीक रुंदीची जागा मिळते आणि मोठी अक्षरे अधिक जागा खातात. 'पुण्यात घरपोच' हे आमच्या शीर्षकाच्या शेवटी असलेले, गिऱ्हाइकाच्या खऱ्या उपयोगाचे शब्द त्यामुळे कापले गेले आणि त्यांच्या जागी तीन टिंबे आली. शिवाय निकालात काय शीर्षक दाखवायचे हे शेवटी गूगलच ठरवते. ऑगस्ट 2021 मध्ये त्यांनी शीर्षके तयार करण्याची नवी पद्धत आणली, आणि पुढच्या महिन्यात त्यांनीच सांगितले की, पानाच्या लेखकाने दिलेले शीर्षक सुमारे 87 टक्के वेळा वापरले जाते, उरलेल्या वेळी पानावरील मथळ्यासारख्या इतर मजकुरातून ते घेतले जाते. आमच्या काही पानांच्या बाबतीत तसेच झाले होते. मी पैसे मोजून मोठी केलेली अक्षरे निकालात दिसतच नव्हती, पानावरचा जुना साधा मथळा दिसत होता. गूगलच्या जाहिरातींमध्ये तर अनावश्यक मोठी लिपी नियमानेच नामंजूर होते. वाचणाऱ्याला ती आरडाओरड वाटते. इंग्रजी शीर्षकात प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे करावे की फक्त पहिल्या शब्दाचे, हा शैलीचा प्रश्न आहे, त्यात अमेरिकी आणि ब्रिटिश वृत्तपत्रांचेही एकमत नाही.

इथपर्यंतचे नुकसान पैशांचे होते. खरे नुकसान झाले ते जून 2024 मध्ये. पाऊस सुरू झाला होता, बागेत खते घालण्याची कामे चालू होती, आणि संस्थेचा फोन आला की, शीर्षकांचा इतका उत्तम परिणाम दिसल्यावर आता पानांचे पत्तेही, म्हणजे त्यांच्या लिंकही, मोठ्या लिपीत करून घ्याव्यात. या दुसऱ्या टप्प्याचे 20,000 रुपये. मी होकार दिला. शीर्षक आणि पत्ता यांतील फरक त्या वेळी मला ठाऊक नव्हता. शोधाच्या शब्दांत लहान-मोठे अक्षर सारखेच असते आणि संकेतस्थळाच्या मुख्य नावातही सारखेच असते. परंतु त्या नावापुढच्या तिरप्या रेघेनंतर येणारा जो भाग असतो, त्यात मोठा 'आर' आणि लहान 'आर' ही दोन वेगळी अक्षरे धरली जातात. आमचा सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळ ज्यावर ठेवलेले असते तो संगणक, लिनक्स या प्रणालीवर चालतो आणि तिथे फाइलच्या नावात एक अक्षर जरी लहानाचे मोठे झाले तरी ती वेगळी फाइल ठरते. 27 इंग्रजी पानांची नावे बदलली गेली, आणि जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्याकडे पाठवण्याची जी सोय करायची असते ती केली गेली नाही. गूगलच्या दृष्टीने 27 जुनी पाने नाहीशी झाली आणि 27 अनोळखी पाने जन्माला आली. चार वर्षांत सोसायट्यांच्या पानांवर, खाद्यपदार्थांवर लिहिणाऱ्यांच्या लेखांत, गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲप निरोपांत आमच्या ज्या लिंक पसरल्या होत्या त्या सगळ्या एका दिवसात मेल्या.

मला हे कळले नाही, कारण संकेतस्थळावरील मेनूत त्यांनी नवे पत्ते घातले होते. मी मुख्य पानावरून आत जात असे, आणि मला सगळे व्यवस्थित दिसे. शिवाय जून ते जानेवारी हापूस कोणी शोधत नाही. एप्रिलमधली वाढ जशी हंगामाने घडवून त्यांच्या खात्यात टाकली, तशीच जूननंतरची घट हंगामाच्या आड लपली. ही वेळ त्यांनी जाणून निवडली की अज्ञानातून, हे मला आजही ठरवता येत नाही. पहिल्या टप्प्यातील प्रात्यक्षिक मात्र ठरवून केलेली लबाडी होती याविषयी मला शंका नाही.

2025 च्या पाडव्यानंतर फोन शांत होता. 20 एप्रिलपर्यंत संकेतस्थळावरून 94 मागण्या आल्या होत्या, आदल्या वर्षी याच तारखेपर्यंत त्या दोनशेच्या वर गेल्या होत्या. संस्थेकडून उत्तर मिळाले की, यंदा फळ उशिरा आहे, थोडी वाट पाहा. शेवटी ठाण्याच्या एका नेहमीच्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. "दादा, तुम्ही आंबा विकायचं बंद केलंत का? तुमची लिंक उघडतच नाही, पान सापडत नाही म्हणून येतं." त्याच संध्याकाळी मी पुतण्याला फोन लावला. तो पाच मिनिटे काही बोलला नाही, फक्त कळफलकाचा आवाज येत होता. मग म्हणाला, "काका, या लोकांनी फाइलींची नावं बदलली आहेत. तुम्ही मला एकदा विचारायचं होतं."

गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे शोधातून आपल्या संकेतस्थळावर किती लोक आले हे दाखवणाऱ्या सोयीत, त्याने आदल्या हंगामाची आणि चालू हंगामाची तुलना करून दाखवली. ही माहिती आपल्याला विनामूल्य मिळते आणि 16 महिने साठवली जाते. एप्रिल 2024 मध्ये मी ती उघडली असती, तर 2023 चा हंगाम तिथे होता आणि अहवालातील हिरव्या रेघेचा उलगडा तेव्हाच झाला असता. आता 2023 ची माहिती पुसली गेली होती. खाते पुतण्याच्या नावावर होते आणि आमच्यापैकी कोणी ते कधी उघडले नव्हते. संस्थेने पाठवलेली चित्रे हाच आमचा पुरावा होता.

तक्रारीसाठी कागदपत्रे काढली, तेव्हा बिल पाहणाऱ्या माझ्या पत्नीने विचारले, "अहो, मराठी पानांचेही 1,200 लावलेत. मराठीत मोठी लिपी कधीपासून आली?" देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसतात हे मला काय, कोणालाही ठाऊक आहे. तरीही ती 11 पाने बिलात होती आणि मी ते पैसे भरले होते.

पोलिसांकडे गेलो, तेव्हा त्यांनी करार वाचून सांगितले की, यात जे काम लिहिले आहे ते झालेले दिसते, त्यामुळे हा दिवाणी स्वरूपाचा वाद होईल. चुकीचे म्हणता येणार नाही. पहिल्या पानाचे आश्वासन कुठेही लेखी नव्हते. शीर्षकांचे 53,808, पत्त्यांचे 20,000 आणि बारा महिन्यांच्या देखभालीचे 72,000, असे एकूण 1,45,808 रुपये मी दिले होते. वकिलांनी नोटीस दिली ती वेगळ्याच मुद्द्यावर: करारात 38 पानांचे काम लिहिले असून 11 पानांवर ते होणे शक्यच नव्हते. त्या 11 पानांचे जीएसटीसह 15,576 रुपये तीन महिन्यांनी परत आले. बाकीचे आले नाहीत.

पुतण्याने मे महिन्यात सुट्टी काढून जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे जाण्याची कायमची सोय केली, 27 ओळींचे काम, आणि शीर्षके पूर्ववत लहान लिपीत आणली. गूगलने जुनी ओळख परत धरेपर्यंत हंगाम संपला होता. एप्रिल आणि मेमध्ये संकेतस्थळावर जे थोडे लोक येत राहिले, ते बहुतेक मराठी पानांवरूनच आले. पुतण्याने हौसेने त्या फाइलींची नावेही देवनागरीत ठेवलेली होती, त्यामुळे त्यांच्या पत्त्यांत मोठे करण्यासारखे एकही अक्षर संस्थेला सापडले नव्हते.