आईबाबांसाठी घेतलेला रेझिस्टन्स बँड सेट (ताणून ताकदीचा व्यायाम करायचे लवचिक पट्टे), ४ स्टार
वय वाढलं की स्नायू कमी होतात आणि नुसतं चालून ते भरून निघत नाही, ताकदीचा व्यायाम लागतोच. डब्ल्यूएचओ पण आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारख्या व्यायामासोबत २ दिवस हे करा म्हणतं, आणि ६५ च्या पुढे ३ दिवस बॅलन्सचे व्यायाम, म्हणजे पडायचा धोका कमी होतो. बाबा खुर्चीत बसूनच करतात, सगळ्यात हलका बँड, आणि आता उठताना हाताचा आधार घेत नाहीत, फार बरं वाटतं बघून! श्वास रोखून मात्र ओढू नका, बीपी एकदम वाढतं. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर लेटेक्स-फ्री बघून घ्या. हँडल घामाने सटकतं, म्हणून एक स्टार कमी.