एस्टोनियाचं आरोग्य पोर्टल, तीन वर्षं वापरल्यावर

तालिनमध्ये राहायला येऊन तीन वर्षं झाली, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य पोर्टलबद्दल लिहिण्याइतका अनुभव आलाय. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

थायरॉइडची गोळी संपत आली की फॅमिली डॉक्टरला मेसेज टाकते, ते प्रिस्क्रिप्शन सिस्टीममध्ये चढवतात, मग देशातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये आयडी कार्ड दाखवलं की गोळी हातात. हे इथे २०१० पासून चालू आहे! गेल्या हिवाळ्यात तार्तूला गेले असताना पोटात जोरात दुखायला लागलं, तिथल्या डॉक्टरने माझे तालिनचे ब्लड रिपोर्ट समोर उघडले आणि मी घरून एक कागदसुद्धा नेला नव्हता.

लोक म्हणतात तेरा-चौदा लाखांचा देश, त्यांना काय अवघड. थोडं खरंय, पण खरं काम आधीच झालेलं होतं. २००१ मध्ये त्यांनी एक्स-रोड केला, म्हणजे प्रत्येक खात्याचा डेटा त्याच्याकडेच राहतो, फक्त देवाणघेवाण एका ठरलेल्या सुरक्षित वाटेने होते. मग २००८ ला देशभराची आरोग्य सिस्टीम चालू झाली, हॉस्पिटलांना रेकॉर्ड पाठवणं कायद्याने बंधनकारक, आणि तेही एकाच साच्यात, कागदपत्रं एचएल सेव्हन या आरोग्य-डेटाच्या स्टँडर्डमधल्या सीडीए साच्यात, एक्स-रे डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या साच्यात. ऐकायला रुक्ष वाटतं पण सगळी गंमत इथेच आहे, कारण दोन लॅबनी एकच टेस्ट दोन नावांनी पाठवली तर कॉम्प्युटरला ती एकच आहे हे कळणार कसं?

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे माझं रेकॉर्ड कोणी कधी उघडलं ते मला दिसतं, आणि एखादी गोष्ट कोणाला दाखवायची नसेल तर ती बंदही करता येते. परक्या देशात एकटीने राहताना याचा केवढा आधार वाटतो.

अर्धा स्टार कापला कारण मेनू इंग्रजीत असला तरी डॉक्टरांच्या नोंदी एस्टोनियनमध्येच असतात, प्रत्येक वेळी भाषांतर करत बसावं लागतं. शिवाय लवकर सुरुवात केल्यामुळे जुन्या नोंदींमध्ये लांबच लांब मजकूर भरलाय, त्यामुळे आता नवीन कामं एचएल सेव्हनच्याच फायर (FHIR) या पुढच्या स्टँडर्डवर न्यायची मेहनत चालू आहे.

भारतात मात्र आभा, म्हणजे आपलं सरकारी डिजिटल आरोग्य खातं, सुरुवातीपासूनच फायरवर आहे आणि त्याचे साचे ठरवणारं केंद्र आपल्या पुण्यात, सीडॅक या सरकारी कॉम्प्युटर संशोधन संस्थेत आहे, हे कळलं तेव्हा खूप बरं वाटलं. आईचं आभा कार्ड मी काढून दिलंय. पण ती जाते त्या दोन हॉस्पिटलांपैकी एकाचेच रिपोर्ट त्यात येतात, दुसऱ्यासाठी अजून ती प्लास्टिकच्या पिशवीत फाईल घेऊन रिक्षाने जाते, आणि मागच्या महिन्यात तीच शुगरची टेस्ट तिला परत करायला लावली. तुमच्या हॉस्पिटलला विचारा, रिपोर्ट आभाला लिंक करतात का. मी परवा फोन करून विचारलं, ते म्हणाले सांगतो.